सिरम वेगळं कुणी केलं?

312 हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नागपूरच्या पंचशील चौकात सिग्नलला उभा होतो. नवतपा लागून दोन-तीन दिवस झालेले, दुपारचा एक वाजलेला, तोंडाला दुपट्टा बांधलेला, आणि मोबाइलवर मुंबईहून आलेला रिपोर्ट. रक्तात बुरशीची खूण शोधायची चाचणी, बीटा-डी-ग्लुकन, 312 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. खाली छापलेलं होतं, 60 च्या खाली निगेटिव्ह, 60 ते 79 संदिग्ध, 80 पासून पुढे पॉझिटिव्ह. मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला, तरी गाडी हलवायचं सुचेना.

गंमत अशी की आदल्याच संध्याकाळी बुरशीच्याच दुसऱ्या चाचणीचा रिपोर्ट आला होता. गॅलॅक्टोमॅनन, 0.2. निगेटिव्ह. त्या आनंदात भाऊजींनी हॉस्पिटलच्या खाली आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला होता.

एकाच माणसाचं, एकाच वेळी काढलेलं रक्त. एक चाचणी म्हणते बुरशी नाही, दुसरी म्हणते भरपूर आहे. आणि मी कोण, तर सीताबर्डीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 18 वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर बसणारा टेक्निशियन. लोकांना आपण सांगतो, रिपोर्टकडे एकटं पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या बहिणीचा रिपोर्ट आला की हे ज्ञान कुठे जातं कोणास ठाऊक.

थोडं मागचं सांगतो. ताई 46 वर्षांची, महालातल्या शाळेत विज्ञान शिकवते. एप्रिलअखेरीस हिरड्यांतून रक्त यायला लागलं, रक्तपेशींची मोजणी, म्हणजे सीबीसी, मीच केली, आणि मशीनने पांढऱ्या पेशींपुढे झेंडे लावले तेव्हाच पोटात गोळा आला. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात पहिली केमो सुरू झाली, 7 दिवस सायटाराबिन आणि त्यातले 3 दिवस डॉनोरुबिसिन. ही केमो रोगाच्या पेशींबरोबर चांगल्या पेशीही झाडून नेते. बाराव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ शून्यावर होते, प्लेटलेट 11 हजार, आणि आदल्या दिवसापासून ताप.

असा ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक सुरू करतात, ते झालं. रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या, म्हणजे ब्लड कल्चरच्या, बाटल्याही गेल्या. पण रक्ताच्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, पहिल्या दिवसापासून बुरशीचा विषय काढला होता. त्यांचे प्रश्न ऐकून भाऊजी चक्रावले. घरात कूलर आहे का? खस दरवर्षी बदलता का? घरासमोर रस्त्याचं काम चालू आहे? कुंड्या, कबुतरं?

आता नागपुरात मे महिन्यात घरात कूलर आहे का, हा काय प्रश्न झाला? कूलर नसेल तर माणूस राहील कुठे. ताईकडचा कूलर हा हॉलच्या खिडकीला लावलेला जुना पत्र्याचा, वाळ्याच्या खसेचा, आणि मागच्या सीझनची खस झटकून पुन्हा लावलेली. समोर सिमेंट रोडचं खोदकाम चालू. सर म्हणाले, ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. तुमच्या-माझ्या फुप्फुसात रोज जातात, आपले न्यूट्रोफिल त्यांना संपवतात. जिच्याकडे न्यूट्रोफिलच नाहीत, तिच्यात ते उगवतात. बांधकामाच्या धुळीतून वॉर्डच्या वॉर्ड आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. ताईला ही बुरशी कूलरमधून आली की रस्त्यावरून, हे कधीच कळणार नाही, असंही त्यांनीच सांगितलं. भाऊजी मात्र त्या दिवसापासून कूलरकडे चोराकडे पाहावं तसे पाहू लागले.

मग ठरलं की न्यूट्रोफिलचा काउंट शून्यावर असेपर्यंत दर सोमवारी आणि गुरुवारी गॅलॅक्टोमॅनन करायचं, आणि या वेळी ताप आहे म्हणून सोबत बीटा-डी-ग्लुकनही. मी विचारलं, कल्चर लावलंय ना, मग हे कशाला? सरांनी शांतपणे सांगितलं की ॲस्परजिलस सगळ्या अंगात पसरलेला असला तरी ब्लड कल्चरमध्ये जवळजवळ कधीच उगवत नाही. कॅन्डिडा नावाची दुसरी बुरशी उगवते, पण खोलवर गेलेल्या कॅन्डिडाच्या साधारण निम्म्याच केसमध्ये कल्चर पॉझिटिव्ह येतं, तेही दोन-चार दिवसांनी. म्हणून बुरशी स्वतः सापडत नसेल तर तिच्या भिंतीचे सुटलेले तुकडे रक्तात शोधायचे.

दोन्ही चाचण्या तेच करतात. फरक आहे तो कुठला तुकडा, याचा. गॅलॅक्टोमॅनन ही मुख्यतः ॲस्परजिलसच्या भिंतीतली साखर. तो वाढतो तेव्हा ती रक्तात सोडतो. बीटा-डी-ग्लुकन बऱ्याचशा बुरश्यांच्या भिंतीत असतं, म्हणजे कॅन्डिडा, ॲस्परजिलस, फ्युजेरियम आणि न्यूमोसिस्टिससुद्धा. पहिली चाचणी गल्ली सांगते, दुसरी नुसतं शहर. आणि म्युकर, ज्याला 2021 मध्ये सगळा नागपूर काळी बुरशी म्हणून ओळखायला लागला, तो दोन्हींत दिसत नाही. त्याला रक्ताची अशी सोय नाही, तिथे ऊतीचा तुकडाच काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. आमच्या शेजारच्या काकांसाठी तेव्हा त्यावरचं औषध, ॲम्फोटेरिसिन, शोधत मी अर्धं शहर पालथं घातलं होतं, त्यामुळे हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले म्हणजे बुरशी नाही, असा अर्थ होत नाही.

तर, 312. मी थेट गेलो ओळखीच्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमकडे. ताईचं गॅलॅक्टोमॅनन त्यांच्याच लॅबमध्ये होत होतं, बीटा-डी-ग्लुकन मुंबईला जात होतं. मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "सिरम वेगळं कुणी केलं?"

"मी."

"कशात?"

आता खरं सांगतो. सोमवारी सकाळी आठला रक्त काढलं होतं आणि कुरिअरवाला संध्याकाळी सहाला येणार होता. बाहेर 45 डिग्री. मी म्हटलं, एवढा वेळ कशाला ठेवायचं, आपल्याच लॅबमध्ये स्पिन करून फ्रिजमध्ये ठेवतो. पायाशी आइसबॉक्स ठेवून, ॲक्टिव्हावर, झाशी राणी चौकातून लॅबमध्ये गेलो. पिवळ्या झाकणाची ट्यूब फिरवली, वरचं सिरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर उरणारं पिवळसर पाणी, साध्या प्लास्टिकच्या दोन वायलमध्ये घेतलं, टिपा उघड्या डब्यातल्या, आणि एक थेंब बाहेर सांडला तो गॉजने, जाळीदार सुती पट्टीने, पुसला. वायलचं तोंडही पुसलं असेल. थायरॉइडचं सॅम्पल बाहेर पाठवताना आम्ही हेच करतो, वर्षानुवर्षं.

मॅडम म्हणाल्या, "गॉज?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अठरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कापूस, गॉज, सेल्युलोजचे फिल्टर यांतून हे ग्लुकन सुटतं. साध्या ट्यूबला, टिपेला, हवेतल्या धुळीलाही ते चिकटलेलं असतं. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात, ग्लुकन तसंच राहतं. म्हणजे निर्जंतुक वस्तू ग्लुकनमुक्त असेलच असं नाही. या चाचणीला ग्लुकन नसल्याची खात्री केलेल्या वेगळ्या ट्यूब आणि वेगळ्या टिपा लागतात, आणि शक्यतो मूळ ट्यूब उघडायचीच नाही. आपण पिकोग्रॅम मोजतोय. ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग. मी आयुष्यभर मिलिग्रॅम मोजत आलेला माणूस, ग्लुकोज, क्रिएटिनिन, युरिया. गॉजने पुसल्याने कुणाची शुगर वाढत नाही.

मी खुर्चीत बसलो तो उठेना. त्यांनी पाणी दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "तिला अल्ब्युमिन दिलं होतं का?" हे रक्तातलं प्रथिन सलाइनमधून दिलं होतं, रविवारी. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, फिल्टरमधून गाळलेले रक्तघटक यांच्याबरोबरही ग्लुकन शरीरात जातं. काही डायलिसिसच्या पडद्यांमधूनही जातं. म्हणजे 312 मध्ये अल्ब्युमिनचं किती, माझ्या गॉजचं किती आणि बुरशीचं किती, हे देवालाच ठाऊक. "ही चाचणी निगेटिव्ह आली तर तिच्यावर जास्त विश्वास," मॅडम म्हणाल्या. "पॉझिटिव्ह आली की आधी चौकशी करायची." आणि गॅलॅक्टोमॅननचं निगेटिव्ह? "एका 0.2 ने काही ठरत नाही. ती ओळीने पाहायची. म्हणून तर आठवड्यातून दोनदा."

सरांना फोन करून मी माझा पराक्रम कबूल केला. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. गुरुवारचं रक्त आधीच काढून झालं होतं. या वेळी ट्यूब न उघडता सीलबंद गेली, मी हात लावला नाही. एक्स-रे स्वच्छ होता, पण ताप उतरत नव्हता, म्हणून सरांनी शुक्रवारी छातीचा सीटी करायला सांगितला.

सीटीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात दोन गाठी दिसल्या, एक जरा मोठी, आणि तिच्याभोवती धुरकट कडं. चंद्राला खळं पडतं ना, तसं. रेडिओलॉजिस्ट त्याला हेलो म्हणतात. काउंट नसलेल्या रुग्णात असं खळं दिसलं की ॲस्परजिलसचा संशय पहिला. दुर्बीण घालून फुप्फुसातलं पाणी काढलं असतं तर त्यातलं गॅलॅक्टोमॅनन रक्तापेक्षा चांगलं सांगतं, पण प्लेटलेट 11 हजारांवर कोण दुर्बीण घालेल. सरांनी कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता त्याच रात्री ॲस्परजिलसवरचं औषध, व्होरिकोनॅझोल, सुरू केलं. आधीपासून ती फ्लुकोनॅझोलवर होती, पण ते कॅन्डिडासाठी, ॲस्परजिलसला ते ढिम्म जुमानत नाही.

शनिवारी गुरुवारच्या सॅम्पलचं गॅलॅक्टोमॅनन आलं. 0.8.

ही प्लेट लावताना मी तिथे उभा होतो. मॅडमनीच बोलावलं होतं, बहुधा मी फोन करकरून त्यांचं डोकं खाल्लं म्हणून. आधी सिरममध्ये एक द्रव घालून ते उकळवतात, प्रथिनं घट्ट होऊन तळाला बसतात आणि साखर वर पाण्यात उरते. मग प्लेटवर दीड तास, धुणं, रंग, अंधारात अर्धा तास. एकाच पेशंटचं सॅम्पल लावायचं म्हटलं तरी कंट्रोलला, म्हणजे किटमधल्या तुलनेच्या सॅम्पललाच, चार खाने जातात, म्हणून लॅबवाले चार सॅम्पल जमेपर्यंत थांबतात आणि नातेवाइकांना वाटतं की हे लोक झोपा काढून राहिले. मीही या बाजूला उभा राहून तेच म्हणत होतो.

ताईने त्याच संध्याकाळी विचारलं, "0.8 काय रे? मिलिग्रॅम?" शिक्षिकाच ती. एकक नसलेला आकडा तिला चालत नाही. मी सांगितलं, एकक नाही, गुणोत्तर आहे. किटमध्ये एक उंबरठ्याचं सॅम्पल येतं, त्याचा रंग आणि तुझा रंग, दोघांचा भागाकार. किटच्या कागदावर 0.5 च्या वर म्हणजे पॉझिटिव्ह. ती म्हणाली, "मग झालं की पॉझिटिव्ह." इतकं सोपं नव्हतं. 2020 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून ज्या व्याख्या ठरवल्या, त्यांत रक्ताच्या एकट्या चाचणीला 1.0 लागतं. किंवा रक्तात 0.7 आणि फुप्फुसाच्या पाण्यात 0.8, असं दोन्ही. ताई नेमकी मध्ये लटकली होती. मी हे मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. त्या व्याख्या संशोधनात कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही यासाठी आहेत, म्हणाल्या, पलंगावरच्या माणसाचं औषध त्यावर थांबवायचं नसतं. हाच 0.8 एखाद्या धडधाकट काउंट असलेल्या माणसात आला असता तर त्या आधी पुन्हा करा म्हणाल्या असत्या. इथे काउंट शून्य, ताप, आणि सीटीत खळं आहे.

उलटही होतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला नवीन होतं. ज्यांचे न्यूट्रोफिल शाबूत असतात त्यांच्या रक्तातून ही साखर ते न्यूट्रोफिलच साफ करतात. त्यामुळे आयसीयूमधल्या साध्या रुग्णाला फुप्फुसात ॲस्परजिलस असूनही रक्ताची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आणि बुरशीवर चालणारं औषध आधीपासून चालू असेल तरी ती आंधळी होते. ताईचं फ्लुकोनॅझोल इथे कामाला आलं म्हणायचं, ते ॲस्परजिलसचं काही बिघडवत नव्हतं म्हणून चाचणीचंही बिघडलं नाही.

मुंबईचा रिपोर्ट रविवारी आला, सीलबंद ट्यूबचा. 118. म्हणजे 312 वरून खाली, नव्या औषधाचा एकही डोस जाण्याआधी काढलेल्या रक्तात. मी कितीही वेळा तो आकडा पाहिला तरी अर्थ तोच निघत होता. दोनशेच्या आसपास फरक अल्ब्युमिन आणि मी, आम्हा दोघांचा होता.

भाऊजींनी विचारलं, "म्हणजे बुरशी आहे का नाही, एवढं सांग ना बाप्पा."

"आहे."

"मग आधी निगेटिव्ह काहून म्हणत होता?"

त्यांना मी पूर्ण उत्तर दिलं नाही. गॉजचं तर आजवर सांगितलेलं नाही.

ताईला मात्र सांगितलं. तिला राग यायच्या ऐवजी चाचणी कशी चालते यातच रस. बीटा-डी-ग्लुकनचं रसायन हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्रातल्या प्राण्याच्या रक्तपेशींपासून काढतात. त्याच्या रक्ताला बुरशीचं ग्लुकन लागलं की ते गोठायला लागतं, त्या गोठण्याची साखळी वापरून रंग आणतात. सलाइन लावलेल्या हाताने तिने मला थांबवलं. "तो क्रॅब नव्हेच. कोळी-विंचवांच्या नात्यातला. आणि रक्त निळं असतं त्याचं, तांब्यामुळे." तोंडात फोड, बोलताना दुखतंय, पण चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवेना.

पुढचा आठवडा मी आकड्यांवर काढला. सोमवारी गॅलॅक्टोमॅनन 1.4, ग्लुकन 164. औषध चालू असताना आकडा चढलेला पाहून मी पुन्हा हादरलो. सर म्हणाले, तीन दिवस झालेत, थांबा. गुरुवारी 1.1. पुढच्या सोमवारी 0.6. ताप नवव्या दिवशी उतरला. मधल्या काळात व्होरिकोनॅझोलने तिला ट्यूबलाइटभोवती इंद्रधनुष्यं दाखवली आणि एका रात्री छताला शाळेतली मुलं ओळीने लटकलेली दिसली. हे औषध काहींच्या शरीरात फार लवकर विरघळून जातं, म्हणून पाचव्या दिवशी डोसच्या आधी रक्त घेऊन त्याची पातळी मोजली. 1 ते 5.5 मध्ये हवी, तिची 0.6 निघाली. डोस वाढवल्यावर 2.8. मला विचाराल तर या सगळ्या चाचण्यांत सर्वांत सरळ वागलेली ही. आकडा आला, डोस बदलला, विषय संपला.

काउंट वर यायला लागले तेव्हा पुन्हा सीटी झाला आणि गाठ आधीपेक्षा मोठी, आतून पोकळ. मी तर हातपायच गाळले. तिकडे गॅलॅक्टोमॅनन 0.3. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवलं की औषध लागू पडलेलं असलं तरी पहिल्या आठवडा-दहा दिवसांत गाठी वाढलेल्या दिसतात, आणि नवे न्यूट्रोफिल मेलेला भाग सोलायला लागले की पोकळी होते. म्हणजे इथे चित्र वाईट आणि आकडा खरा. ग्लुकन मात्र ताई उठून चालायला लागली, तरी 140 च्या खाली यायला तयार नव्हतं. ते उतरतं, पण आठवड्यांच्या हिशेबाने. सरांनी त्यानंतर ते करणंच बंद केलं. दर वेळी मुंबईला पैसे पाठवून काय मिळणार होतं?

माझ्या लॅबमध्ये आता बाहेर जाणाऱ्या बुरशीच्या सॅम्पलसाठी वेगळा ट्रे आहे. त्यावर मी मार्करने लिहिलंय, "उघडायचं नाही." नवीन मुलगा विचारतो, सर, काहून? मी त्याला पिकोग्रॅम समजावून सांगतो. गॉजचं सांगत नाही.

ताई जूनमध्ये घरी आली, पुढच्या केमोच्या आधी दोन आठवड्यांसाठी. पाऊस यायचा होता, उकाडा तसाच. भाऊजींनी कूलर खिडकीतून उतरवून गच्चीवर उलटा टाकला होता आणि हप्त्यावर एसी लावला होता. ताईने हॉलमध्ये पाऊल टाकलं, एसीकडे पाहिलं, खिडकीच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, आणि मास्कमधून म्हणाली, "वाळ्याचा वास नाही येऊन राहिला रे घरात."